ग्रीस गन आणि रबराचा बुश

माझी उभी नोकरी ग्रीसच्या वासात गेली. १९८४ साली एसटीच्या कार्यशाळेत हेल्पर म्हणून लागलो आणि २०१६ साली निवृत्त झालो. बत्तीस वर्षे गाड्यांच्या पोटाखाली काढली. त्या काळच्या एसटीला पुढे-मागे पोलादी पाटे असायचे. पाट्याच्या टोकाला शॅकल, शॅकलमध्ये पिन आणि पिनेत ग्रीस भरायला बारीकसे निप्पल. ग्रीस गन निप्पलला लावायची आणि आतले जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत दांडा दाबत राहायचे, हे माझे काम. एखादी पिन कोरडी राहिली की लोखंड लोखंडाला खाते आणि गाडी कोकलत आगारात येते. ‘वाजते तिथे तेल द्या’ हा धडा माझ्या हाडात मुरला तो असा.

याच धड्याने एका रात्री माझ्या घरातली माणसे नालीत गेली असती. ती हकिकत आज सांगायची आहे. सांगताना लाज वाटते. पण आपल्या वस्त्यांमधून आता जुन्या गाड्या दारात उभ्या दिसतात, पोरे त्यांच्यावर पोट भरतात, आणि माझ्यासारखे अनुभवाचा तोरा मिरवणारे म्हातारेही घरोघरी आहेत. म्हणून सांगतो.

आमचे गाव वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना. सोलापूर-धुळे हमरस्ता गावावरून जातो आणि अंबडकडून येणारा रस्ता इथे त्याला मिळतो. खाली शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा. फाट्यावरचे गाव असल्याने गाडीवाल्याला काम मिळते. कोणाला अंबडला तारखेला जायचे असते, कोणाला जालन्याला डायलिसिसला, कोणाला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात. आमच्या थोरल्याने बारावीनंतर दुसऱ्याच्या गाडीवर सहा वर्षे ड्रायव्हरकी केली. २०१९ साली त्याने स्वतःची गाडी घेतली. छोटी डिझेल गाडी, पण जुनी, दीड लाख किलोमीटर पळालेली. माझ्या निवृत्तीच्या पैशातले काही त्यात गेले आणि आमच्या मंडळींनी बचत गटातून कर्ज काढले. गाडी दारात आली त्या दिवशी मंडळी म्हणाल्या, “आपल्या घरात आजवर सगळे दुसऱ्याच्या गाडीत बसले. आता दुसरे आपल्या गाडीत बसतील.”

गाडी कोणत्या कंपनीची हे मी मुद्दाम सांगत नाही. जी गोष्ट झिजली, ती वापराने सगळ्याच गाड्यांची झिजते.

आपल्या मराठवाड्याची काळी माती रस्त्याला सुखाने राहू देत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा डांबराचा थर मग लाटांसारखा वर-खाली होतो, कडा तुटतात. ऊसतोडीच्या दिवसांत भरलेल्या ट्रॉल्यांना वाट द्यायला लहान गाड्या सारख्या साइडपट्टीवर उतरतात. डावे चाक त्या तुटक्या कडेवरून खाली आपटते, पुन्हा वर चढते. दिवसातून पन्नास वेळा.

२०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाला गाडी पुढून वाजू लागली. आधी नुसते कर्र-कर्र, जुन्या बाजेवर कूस बदलल्यावर येते तसे. मग गतिरोधकावरून उतरताना एक टक असा आवाज. थोरला म्हणाला, “अण्णा, लोअर आर्मचे बुश गेले असतील. अंबडच्या मिस्त्रींना दाखवतो.”

मी म्हणालो, “बत्तीस वर्षे मी एसटीत काय झाडाखाली बसून होतो का? कोरडी पडली असेल. मी बघतो.”

गाडी चढावर लावली, चाकांमागे दगड घातले आणि खाली गेलो. चाक धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, त्याच्या आतल्या टोकांना रबराचे दोन बुश दिसले. निप्पल कुठेच नव्हते. मला वाटले, कंपनीने पैसे वाचवले. डब्यात जुने इंजिन ऑईल होते. त्यात ग्रीस कालवले आणि ब्रशने बुशांना चांगले चोपडले. कर्र-कर्र बंद! माझी मान ताठ झाली. थोरला काही बोलला नाही. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी तो कार्यक्रम करू लागलो. त्याच्या मनात शंका होती, पण बापाचा शब्द कसा मोडायचा म्हणून तो गप्प राहिला. ही गोष्ट मला पुढे कळली.

दिवाळीनंतर टक आवाज वाढला. गाडी सरळ रस्त्यावरही किंचित डावीकडे ओढू लागली. डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली. मी म्हणालो, “टायर जुने आहे.” टायर बदलले. पैसे गेले, ओढणे राहिले.

जानेवारी २०२३. सुनेला सातवा महिना होता. अंबडला तपासणी करून, तिच्या माहेरी जेवून आम्ही रात्री परत निघालो. थोरला गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे सून आणि आमच्या मंडळी. गाव जवळ आले होते. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर होता. तो गेला आणि एकदम पुढे काळे काहीतरी दिसले. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या होत्या, मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. थोरल्याने जोरात ब्रेक दाबला.

गाडी सरळ थांबायला हवी होती. ती थांबता थांबता डावीकडे खेचली गेली, कोणी चाकाला दोरी बांधून ओढल्यासारखी. खालून टक झाले, डावे चाक साइडपट्टीवरून खाली उतरले, आणि दिव्याच्या उजेडात मला नाली दिसली. थोरल्याने ब्रेक थोडा सोडला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी दाबून धरले आणि गाडी नालीच्या कडेला उभी केली. मागे सुनेने दोन्ही हात पोटाशी धरले होते. मंडळींचा हात सुनेच्या हातावर होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. ट्रॉल्या डुलत डुलत पुढे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी थोरला मला न विचारता गाडी घेऊन अंबडला निघाला. मीही न विचारता शेजारी बसलो.

मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. पोरे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी गाडी हाताखाली घेतली. चार पावले पुढे नेऊन ब्रेक, चार पावले मागे नेऊन ब्रेक. दोन्ही वेळा टक झाले. मग गाडी जॅकवर चढवली, खाली घोडे लावले, आणि टॉमी आर्मच्या आत घालून हलवली. आर्म बोटभर पुढे-मागे सरकला. त्यांनी मला बोलावले आणि बॅटरीच्या उजेडात दाखवले. बुशाचे रबर फुगून पिकलेल्या जांभळासारखे मऊ झाले होते. बोटाने दाबले की काळे बोटाला लागायचे. आतल्या लोखंडी नळीपासून ते सुटले होते, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे.

मिस्त्रींनी बोटे हुंगली आणि विचारले, “इसको तेल किसने मारा?”

माझ्या घशाला कोरड पडली. मी उत्तर देण्याआधीच थोरला म्हणाला, “मीच मारलं, चाचा. आवाज येत होता म्हणून.”

मिस्त्री त्याला बोलले. चांगले खडसावून बोलले. गाडीवर माणसे नेतोस आणि एवढे कळत नाही का, म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. मी तिथे लाकडी बाकावर बसून होतो आणि एक शब्द मला बोलता आला नाही. वाचकहो, साहेबांची बोलणी मी नोकरीत खूप खाल्ली. पण माझ्या वाटची बोलणी माझे लेकरू खात होते, तो दिवस मला सगळ्यांत जड गेला.

त्या रात्री झोप आली नाही. मंडळींना सगळे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा.”

सकाळी थोरल्याबरोबर पुन्हा अंबडला गेलो आणि सुटे भाग समोर पडले असताना मिस्त्रींना म्हणालो, “मिस्त्री, तेल पोराने नाही मारलं. मी मारलं. एसटीत बत्तीस वर्षे ग्रीस मारलं, तेच इथं मारलं.” मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. हसले नाहीत. म्हणाले, “बैठो अण्णा, दिखाता हूँ.”

त्यांनी जे दाखवले ते मी माझ्या शब्दांत लिहितो. शॅकलची पिन लोखंडात फिरते, घासते, म्हणून तिला ग्रीस हवेच. रबराचा बुश फिरत नाही. एक बाहेरची लोखंडी नळी, एक आतली, आणि मधले रबर दोघींना घट्ट चिकटवलेले. आतली नळी बोल्टने आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली. चाक वर-खाली झाले की मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. घासायचा प्रश्नच नाही. म्हणून कंपनीने निप्पल दिलेले नसते. हे रबर बहुतेक वेळा झाडाच्या चिकाचे असते, आणि आपल्या देशात त्याची सर्वांत जास्त लागवड केरळात होते. नुसता चीक उन्हात वितळतो आणि थंडीत कडक होतो. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला तो गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, तेव्हापासून रबर यंत्राच्या कामाचे झाले. पण असल्या रबराचा एक शत्रू कायम राहिला, तो म्हणजे खनिज तेल. डिझेल, इंजिन ऑईल, साधे ग्रीस त्यात मुरते, रबर फुगते, ढिले पडते आणि लोखंड सोडते.

मी विचारले, “मग ऑईल सील? तेही रबराचेच. ते तर वर्षानुवर्षे तेलात बसते.” मिस्त्री म्हणाले, ते रबर वेगळे, कारखान्यात रसायनांपासून केलेले, खास तेलासाठी. त्याला नायट्राईल म्हणतात. मी बत्तीस वर्षे ऑईल सील हाताळले आणि दोन रबरांची जात एकच धरून बसलो. काळे ते सगळे सारखे, असे मानून चाललो.

बुश सुटला की काय होते, तेही तेव्हा नीट कळले. मागचा बुश चाकाला पुढे-मागे सरकण्यापासून अडवतो. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. बुश धड असेल तर चाक जागेवर राहते. फाटलेला असेल तर आर्म मागे सरकतो, चाकाचे तोंड फिरते आणि गाडी त्या बाजूला जाते. त्या रात्री गाडीला डावीकडे ओढणारी दोरी ती हीच. आतून झिजलेले टायरही तेच सांगत होते, पण मी टायरलाच दोषी ठरवले.

मिस्त्रींनी पुढे तपासले तर सबफ्रेमचे बुशही गेले होते. सबफ्रेम म्हणजे इंजिनाखालची लोखंडी चौकट. दोन्ही बाजूंचे आर्म तिलाच धरलेले असतात. काही गाड्यांत ती सरळ बॉडीला आवळतात, आमच्या गाडीत मध्ये रबराचे जाड बुश होते. नुसते आर्मचे बुश बदलले असते तर नवे दात हलत्या जबड्यात बसवल्यासारखे झाले असते.

त्याच वेळी आमचे जावई आले. ते वाळूजला कंपनीत आहेत. त्यांनी सुचवले की रबराऐवजी पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे बुश बसवा. हा पदार्थ १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधला. रबरापेक्षा कडक, जास्त टिकणारा आणि तेलाला दाद न देणारा. जावई म्हणाले, “अण्णा, यावर तुम्ही कितीही तेल मारा!” सगळे हसले. मीही हसलो.

पण मिस्त्रींनी विचार करायला लावला. पीयूचा बुश गाडीला घट्ट धरतो, वळणावर गाडी डुलत नाही, शर्यतीच्या गाडीला ते बरे. मात्र कडक असल्याने रस्त्याचा प्रत्येक खडा तो आत पोचवतो. शिवाय बरेचसे पीयू बुश रबरासारखे पिळले जात नाहीत, नळीवर फिरतात. त्यामुळे बसवताना त्यांचे खास ग्रीस लावावे लागते, आणि ते आटले की पुन्हा कुरकुर. थोरल्याने एकच प्रश्न केला, “चाचा, माझ्या गाडीत डायलिसिसहून परत येणारी माणसं बसतात. त्यांना काय बरं?” मिस्त्री म्हणाले, “रबर.” मग चांगल्या कंपनीचे रबरच घ्यायचे ठरले. दोन्ही बाजूंचे घ्यायचे ठरले, कारण एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी पुन्हा एकीकडे ओढते. महागडे ते चांगले असे नसते आणि स्वस्त तेही नसते. गाडी कोणासाठी चालते हे आधी बघावे.

काम दोन दिवस चालले. इंजिनाला वरून आधार दिला. सबफ्रेम कुठे बसली होती तिथे खडूने खुणा केल्या. मग जॅक लावून एकेक बाजू थोडी खाली घेतली आणि जुने बुश काढले. आर्मचे बुश मिस्त्रींनी हातोड्याने ठोकले नाहीत, जाळूनही काढले नाहीत. हायड्रॉलिक प्रेसवर दाबून काढले. नवे बसवताना रबरातल्या पोकळ्या जुन्यांच्या होत्या त्याच दिशेला आल्या की नाही ते पाहिले. मी बॅटरी धरून उभा होतो.

सगळे जागेवर आले. गाडी अजून घोड्यांवर होती, चाके लोंबत होती. माझ्या हाताला राहवेना. पाना उचलला आणि आर्मचा बोल्ट आवळायला गेलो. मिस्त्रींनी माझे मनगट धरले. “अभी नहीं, अण्णा.”

चाक लोंबत असताना आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हा बोल्ट आवळला तर आतली नळी त्याच स्थितीत जखडली जाते. गाडी जमिनीवर उतरली की रबराला कायमचा पीळ बसतो. नुसती उभी असली तरी पिळलेली, चालली तर आणखी पिळलेली. असा नवा बुश काही महिन्यांतच फाटतो, आणि लोक दुकानदाराला शिव्या देतात. म्हणून बोल्ट आधी हातानेच घालायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून हलवायची, आणि सगळे वजन जागेवर आले की मग ठरलेल्या मापाने आवळायचे. बत्तीस वर्षे काम केलेल्या माणसाला चौसष्टाव्या वर्षी कळलेली ही गोष्ट आहे. वजन पडल्यावरच आवळा.

नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. मिस्त्रींनी मजुरी वाजवी घेतली. थोरल्याला म्हणाले, “बाप को बचाया, अच्छा किया. लेकिन गाडी के मामले में झूठ मत बोलना. इलाज गलत हो जाता है.” थोरल्याने मान हलवली.

परतीच्या वाटेवर मी त्याला म्हणालो, “तुला आधीच संशय होता ना?” तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “होता, अण्णा. पण तुम्ही इतक्या हौसेने खाली जायचे.” मी म्हणालो, “इथून पुढे बोलत जा. मी रागावलो तरी बोल.” त्यावर तो काही बोलला नाही, पण त्याने गाडी चहासाठी थांबवली. आम्हा बापलेकांत ‘झाले गेले विसरा’ याचा अर्थ तेवढाच असतो.

मार्चमध्ये सून बाळंत झाली. मुलगी झाली. अंबडच्या सरकारी दवाखान्यातून तिला त्याच गाडीतून घरी आणले. गावाच्या फाट्यावरचा गतिरोधक आला तेव्हा माझा कान आपोआप खाली गेला. टक नाही, कर्र नाही. मंडळींच्या मांडीवर पोरगी झोपलेली होती ती झोपलेलीच राहिली.

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांना माझे एवढेच सांगणे. गतिरोधकावर टक वाजले, ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढू लागली, टायर एका कडेने झिजू लागले, तर रेडिओ मोठा करू नका आणि तेलाचा डबाही काढू नका. जाणत्या मिस्त्रीकडून खाली बघून घ्या. तो शॉकअप बदलायला सांगो की टायर, आधी बुश टॉमीने हलवून दाखवा म्हणा. आणि घरातला एखादा म्हातारा ‘मला कळते’ म्हणाला तर त्याचा मान राखा, पण त्याला विचारा, की हे कोणत्या गाडीचे कळते?

माझी ग्रीस गन मी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला देऊन टाकली. त्याच्या ट्रॅक्टरच्या पिना लोखंडी आहेत, निप्पलवाल्या आहेत. तिथे ती लागते. महिन्यातून एकदा तो हाक मारतो, आणि मी जाऊन त्याला ग्रीस मारून देतो.